दुपारच्या बोरिंगवर

लालसू मला पहिल्यांदा दिसला तो पालथा पडलेला. दवाखान्याच्या आवारातला हातपंप (आमच्याकडे त्याला बोरिंग म्हणतात) त्याने पार खोलून गवतावर मांडला होता, आणि स्वतः पोटावर झोपून भोकात हात घालून काहीतरी शोधत होता. डिसेंबरचे दिवस, सकाळचे नऊ. आत माझ्या तीन दिवसांच्या शिबिराची सगळी तयारी पाण्यावाचून अडलेली. माझं डोकं फिरलं होतं.

"अजून किती वेळ?" मी विचारलं.

त्याने मानसुद्धा वळवली नाही. "तुमी बोलत राह्यल्या त जास्त. नाई बोलल्या त धा मिन्टं."

आता अशा माणसावर कोणाचा जीव जडतो का? मला तर तिथे पडलेला पाना उचलून त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण मी गप्प उभी राहिले, हाताची घडी घालून, घड्याळाकडे बघत. बरोबर दहाव्या मिनिटाला पाणी आलं. तेव्हा कुठे तो उठून बसला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. शर्ट ओलाचिंब, कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळ्यांत नुसतं हसू. मी नजर काढून घेतली... पण थोडी उशिराच.

कशाच्या डॉक्टर, म्हणून त्याने विचारलं. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "लघवीच्या."

हे ऐकल्यावर पुरुष दोनच गोष्टी करतात. एक तर हसतात, नाहीतर स्वतःच्या चपलेकडे बघत बसतात. याने दोन्ही केलं नाही. गळती बंद करता येते का, असं विचारलं. येते म्हटल्यावर विचारलं, "वाशर बदलून?"

"वाशर मिळत नाही. तिथलीच कातडी-चरबी घेऊन तिथेच बनवावा लागतो."

तो जरा विचारात पडला. "मंग तुमचं काम कठीण हाये," तो म्हणाला. "माह्याकडं स्पेअर असते."

अगदी मनापासून म्हणाला तो. मला हसू आलं आणि हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

माझ्याबद्दल सांगायचं राहिलंच. मी डॉक्टर आचल. मूळची कुरखेड्याची, दवाखाना चंद्रपूरला. मी यूरोलॉजिस्ट आहे आणि माझं खास काम म्हणजे ज्यांचा लघवीवरचा ताबा गेलाय त्यांना तो परत मिळवून देणं, फाटलेली पिशवी, तुटलेली वाट पुन्हा बांधणं. हे वाक्य मी लग्नाच्या बैठकीतही असंच्या असं म्हणायचे, हातात चहाचा कप असताना. त्यामुळे तोपर्यंत चार बैठका मोडल्या होत्या. माझी आई चंदाबाई कपाळाला हात लावायची. "नुसतं सर्जन म्हण ना माय, पिशवीपर्यंत कायले जातं?" चंद्रपुरात दवाखाना टाकला तेव्हा पाटीवर लिहून घेतलं होतं – 'लघवी गळते? उपाय आहे.' खालचा मिठाईवाला हात जोडत आला, गिऱ्हाईक बिचकतं म्हणाला. मी पेंटरला परत बोलावलं आणि अक्षरं वीतभर वाढवून घेतली.

तर अशी मी अहेरीच्या वाटेवरच्या एका छोट्या संस्थेच्या दवाखान्यात शिबिराला गेले होते, आणि गेले होते ते बायांसाठी. या भागात गाव आणि दवाखाना यांच्यात नाला, जंगल, रात्र असं काय काय आडवं येतं. पहिलटकरीण दोन-दोन दिवस अडते. बाळ जातं, आणि अडकलेल्या डोक्याने लघवीच्या पिशवीला भोक पडतं. मग लघवी थांबतच नाही. झोपता-उठता, दिवसभर नुसती गळत राहते. हे भोक शिवता येतं, आणि ते शिवायलाच मी शिकले होते. आठवडाभर आधीपासून मी गावोगाव भोंगा लावून रिक्षा फिरवली होती.

पहिल्या दिवशी चाळीस म्हातारे आले. बाई एकही नाही.

दुपारी मी हात धुवायला बोरिंगवर गेले तेव्हा तो अजून तिथेच, खोड लागल्यासारखा दांडा वरखाली करून बघत होता. मी हात पुढे केले, त्याने पाणी काढलं. मी कोपरापर्यंत साबण लावत होते, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. बाया नाही आल्या ना, म्हणाला. माझ्या तोंडावर लिहिलेलंच असणार ते.

"भोंग्यावर सांगतलं तुमी," तो म्हणाला. "जी बाई भोंगा ऐकून गाडीत बसन तिच्यावर अख्खं गाव बोट ठेवन. तुमाले लाज नाई वाटत, हे चांगलं हाये. पण तुमची हिंमत तुमच्यापाशी. तिनं कुठून आणावी?"

साबण हातावरच वाळला. उभ्या जन्मात मला कोणी इतक्या सरळपणे माझी चूक दाखवली नव्हती, आणि ती चूकच होती. तेच तर झोंबलं. मी म्हणाले, मग तूच सांग कशा आणायच्या. बोरिंगवाल्याला काय कळतं, असं पुढचं वाक्य होतं, ते मी गिळलं. बरं झालं गिळलं.

त्याच्याकडे बावीस गावांच्या बोरिंग होत्या. दुरुस्त केल्यावर पाणी नीट चढतं की नाही ते बघायला तो झाडाखाली बसून राही. सकाळ-संध्याकाळ बोरिंगवर बायांची झुंबड असते. भर दुपारी कोणी नसतं. "त्या टायमाले जी एकटी येते," तो म्हणाला, "रोज गोधडी, लुगडं धुते, अन् कोणी दिसलं का परत जाते... ती. दरेक गावात नाई, पण हाये. मले सात ठाऊक हायेत."

मी वही काढली, नावं सांग म्हणाले. त्याने मान हलवली. नावं सांगणार नाही. त्यांना विचारीन, येते म्हणाल्या तर आणीन.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक काळीपिवळी जीप थांबली. शालीत तोंड गुंडाळलेल्या चार बाया उतरल्या. लालसू पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता, तो उतरलासुद्धा नाही. नुसतं बोट वर करून मला खूण केली... चार. मी पायरीवर उभी होते आणि मला रडू येतंय की काय असं वाटलं. त्यातल्या एकीला मी नंतर विचारलं, त्याने सांगितलं तरी काय. ती म्हणाली, आमच्याशी नाही बोलला. दांड्याला ग्रीस लावत होता आणि दांड्यालाच सांगत होता – अहेरीच्या वाटेवर एक डॉक्टरीण आली, गळती बंद करते, तिलेबी लाज नाई अन् ती दुसऱ्यालेबी लाजवत नाई.

मग मी दर दुसऱ्या शुक्रवारी जायला लागले. आणि नेमकी दर दुसऱ्या शुक्रवारी दवाखान्याची बोरिंग बिघडायला लागली. आमची रिना सिस्टर मोठी खट. खिडकीतून बघून म्हणायची, मॅडम, चांगली चालणारी बोरिंग तो तुमची गाडी दिसली की खोलते. मी म्हणायचे, काम कर. पण चंद्रपूरहून निघताना मी ओढणी दोनदा बदललेली असायची.

लालसू तसा माडिया गोंड, मुरेवाड्याचा. आयटीआय करून आलेला, माझ्याहून एका वर्षाने मोठा. येताना पानाच्या दोन्यात कधी आवळे आणायचा, कधी बोरं. वॉर्डाचं दार कुरकुरायचं, बायांची झोपमोड व्हायची, त्याला एकदा त्याने न सांगता ग्रीस लावून टाकलं. मी चिडवायचे, डॉक्टर झाला असतास. तो म्हणायचा, "नाई जी, बोरिंग रडत नाई, हे बरं हाये." मी हात धुवायला गेले की दांडा तो मारायचा, आणि पाण्याची धार जरा हळू ठेवायचा. मलाही घाई नसायची.

जानेवारीपर्यंत सहा बाया झाल्या होत्या. पाचजणी कोरड्या होऊन घरी गेल्या, सहावीची लघवीची नळी अजून होती. मी मनात मोजत होतेच. एका शुक्रवारी मी त्याला विचारलं, सात म्हणाला होतास. सातवी कुठे?

त्याने दांडा सोडला. "सातवी माही बहीण हाये."

मग तो बोलला, तुटक तुटक, दुसरीकडे बघत. बुधरी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. सहा वर्षांमागे बाळंतपणाला माहेरी आली. बाळ गेलं. त्यांच्या गावात पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणानंतर बाई गावाबाहेरच्या झोपडीत राहते, कुर्मा म्हणतात तिला. अंग कोरडं झालं की घरी यायचं, असा नियम. बुधरीचं अंग कोरडं झालंच नाही. तिला कोणी हाकललं नव्हतं. फक्त परत ये, असंही कोणी म्हणालं नाही. सगळे वाट बघत राहिले, आणि सहा वर्षं झाली. दूर कुठे कुठे नेऊन दोनदा ऑपरेशन केलं होतं, दोन्ही वेळा टाके सुटले. नवरा वर्षभर येऊन गेला, मग दुसरीकडे संसार मांडला. आता ती ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती.

आणि त्याने शपथ घेतली होती. त्यांच्या घरात नवरदेवाला पहिली हळद बहीण लावते. बुधरी कोरडी होऊन घरी येईल, तिच्या हातची हळद लागेल, तेव्हाच लग्न. नाहीतर नाही.

 मी पर्स उचलली आणि म्हणाले, चल मुरेवाड्याला.

कुर्माच्या अलीकडे एक मोहाचं झाड आहे. पुरुषांनी त्याच्या पुढे जायचं नसतं. लालसू तिथे थांबला. झाडाच्या बुडाशी एक सपाट दगड होता, माणूस रोज बसून बसून गुळगुळीत झालेला. मी पुढे एकटी गेले. झोपडी म्हणजे चार पावलांची, वाकून आत जावं लागलं. वास होता. मला वासाचं काही वाटत नाही, पण बुधरी झटक्यात उठून पार कोपऱ्यात सरकली. मी जाऊन तिच्या चटईवर, तिच्या शेजारीच बसले. ती आणखी सरकली, मीही सरकले. शेवटी कूडच आला, तेव्हा तिला हसू फुटलं.

ती माडियातच बोलायची, पण मराठी येत होती. दोनदा फाडलं, आता कायले, म्हणाली. मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. आम्ही ढिवर. बाबा मनसाराम तलावात जाळं टाकायचे, आई बाजारात मासोळी विकायची. शाळेत माझ्या कपड्यांना मासोळीचा वास यायचा आणि बेंचवरच्या पोरी सरकून बसायच्या. एक दिवस मी रडत घरी आले. आई मासोळी कापत होती. तिने विळीवरून मान वर केली नाही. म्हणाली, "त्या सरकल्या त तुले जागा झाली ना? बस पसरून."

 बुधरीने मला बारकाईने बघितलं, केसांपासून चपलांपर्यंत.

"तूच काय ती?" ती म्हणाली. "तो रोज त्या दगडावर येऊन बसते अन् वरडून वरडून मले दिवसाचं सांगते. पहिले बोरिंगचं सांगे. आता दोन महिने झाले, बोरिंगमध्ये तूच असतं. कोपरापर्यंत साबण लावते म्हणे."

माझे कान गरम झाले. बाहेर दगडावर बसलेल्याला हे ऐकू जात असणार. बुधरीने आवाज जराही कमी केला नव्हता.

मी म्हणाले, तुझं ऑपरेशन मी तुझ्यासाठी करणार. त्याच्या शपथेसाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच. टाके धरतील की नाही याची हमी देत नाही. दोनदा शिवलेल्या जागेवर तिसऱ्यांदा शिवणं सोपं नसतं. ती म्हणाली, बाकीच्या डॉक्टरांनी हमी दिली होती. तू नाही देत, तर तुझ्याकडे येते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी मी नागपूरला माझ्या सरांना फोन केला, पेशंटच्या भावात माझा जीव गुंतलाय, करू की नको, असं सरळ विचारलं. सर म्हणाले, हात थरथरणार असेल तर माझ्याकडे पाठव. हात थरथरला नाही. जुन्या जखमेची कातडी दगडासारखी घट्ट झाली होती, ती सोडवायलाच दोन तास गेले. मग भोक दोन पदरांत शिवलं आणि मध्ये शेजारच्या चरबीचं ठिगळ रक्तवाहिनीसकट ओढून बसवलं. साडेचार तासांनी बाहेर आले तर लालसू बोरिंगजवळ उभा. मी काही न बोलता हात पुढे केले, त्याने काही न विचारता पाणी काढलं.

आता एकवीस दिवस नळी. त्यानंतर निळं औषध भरून तपासणी. टाके धरलेत की नाही ते तेव्हाच कळणार होतं.

त्या एकवीस दिवसांत आईचा फोन आला. नागपूरचं स्थळ, मुलगा डॉक्टर, त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल. अट फक्त एवढीच की मी मुतखडे बघावे, हे गळतीचं सोडावं, चारचौघांत बरं दिसत नाही. मी आईला म्हणाले, त्यांना सांग, माझीही एक अट आहे. त्यांच्या हॉस्पिटलच्या दारावर माझी पाटी लागेल, वीतभर वाढवलेल्या अक्षरांची. आईने फोन ठेवला. परत त्या स्थळाचं नाव निघालं नाही.

आणि लालसू गप्प झाला होता. यायचा, बहिणीला भेटायचा, पण बोरिंग खोलेना. आवळे नाहीत, चिडवणं नाही. सगळं त्या एका दिवसावर टांगून बसला होता. मी बघत होते, आणि जसजसा तो दिवस जवळ आला तसा मला राग यायला लागला. त्याचा, माझा, त्या शपथेचा.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी वॉर्डातून तडक बोरिंगवर गेले. तो तिथेच, ओट्यावर बसलेला.

"लालसू, मला आज उत्तर पाहिजे. उद्या नको."

"कशाचं?"

"चांगली चालणारी बोरिंग खोलून बसायचास ते कशासाठी?"

त्याने खिशातलं फडकं काढलं आणि स्वच्छ असलेले हात पुसायला लागला. तुमाले ठाऊक हाये, म्हणाला. ठाऊक असून चालत नाही, मला ऐकायचंय, मी म्हणाले. तो खाली बघत राहिला.

"माही शपथ हाये, डॉक्टरबाई."

"म्हणूनच आज आले. उद्या ती कोरडी निघाली आणि मग तू विचारलंस, तर मला जन्मभर वाटत राहील की तू उपकार फेडतोयस. ओली निघाली आणि तू गप्प बसलास, तर तुझं लग्न अडवल्याचं ओझं तिच्या डोक्यावर. ते तिने का घ्यावं? सहा वर्षं सगळे ती कोरडी व्हायची वाट बघत बसलात, आणि ती त्या झोपडीत बसून राहिली. मी नाही बघणार वाट. ओली निघाली तर ओल्या अंगाने मांडवात येईल आणि तशीच हळद लावेल. तुला चालत असेल तर बोल. नसेल तर तसं सांग, मी माझी गाडी काढते..."

मी गाडीची किल्ली काढून हातात धरली.   बोरिंगच्या तोंडातून थेंब थेंब पाणी पडत होतं, तिकडे तो बघत राहिला.

"ठिबकत नाई अशी बोरिंग मी आजपर्यंत पाह्यली नाई," तो म्हणाला. "लोक तरी तिचंच पाणी पितेत. अन् बहिणीलेच मी अट घालून बसलो होतो..." मग त्याने वर बघितलं. "आचल, मले तू पाह्यजे. उद्या काईबी निघो."

त्याने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. मी मान हलवली आणि मागे वळून निघाले, कारण मला रडताना कोणी बघितलेलं चालत नाही. खिडकीत रिना उभी होती. तिने पडदा ओढून घेतल्याचं नाटक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बुधरीच्या पिशवीत निळं औषध भरलं, योनीत एकामागे एक तीन कापसाचे बोळे ठेवले, नळी काढली आणि तिला चालायला लावलं. व्हरांड्यात दहा मिनिटं. पायऱ्या चढायला लावल्या, खोकायला लावलं. मग मी एक एक बोळा काढला. सगळ्यात आतला पांढरा. मधला पांढरा. बाहेरचा, शेवटचा... निळा. थोडासाच, पण निळा.

मी तिच्याजवळ बसले आणि खरं ते सांगितलं. भोक बुजलंय, आतून आता गळणार नाही. पण लघवीची वाट आवळून धरणारा स्नायू इतक्या वर्षांत ढिला पडलाय. जोरात खोकलीस, हसलीस, ओझं उचललंस की थेंब थेंब येईल. त्यासाठी व्यायाम देते, सात-आठ महिन्यांनी आणखी एक लहान ऑपरेशन करू. तेव्हा पूर्ण थांबेल की नाही, हे आज सांगत नाही.

तिने नीट विचारून घेतलं. दिवसभर गळन? नाही. झोपेत? नाही. बसल्या बसल्या? नाही.

"हासलं त?"

"हसलीस तर थोडं."

तिने तो निळा बोळा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि परत ताटलीत ठेवला.

"मंग हासीन," ती म्हणाली.

मी लालसूला सांगायला बाहेर गेले तर तो दारालाच टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. डोळे पुसले आणि विचारलं, "एप्रिलमध्ये जमन का तुले सुट्टी?"

पोचू मुरेवाड्याचा जाणता म्हातारा. त्याने बुधरीला गावाच्या वेशीवर विचारलं, अंग कोरडं झालं का? नियम त्यालाही पाळायचा होता, माणूस वाईट नव्हता. बुधरी म्हणाली, जेवढं व्हायचं तेवढं झालं, बाकीचं घरी बसून होईल. आणि ती कुर्मातली चटई काखेत मारून, मोहाच्या झाडाखालून, लालसूच्या दगडाजवळून सरळ घरात गेली. पोचू तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, गेली त गेली.

माझ्या आईने फोनवर मुलगा काय करतो विचारलं. बोरिंग दुरुस्त करतो, माडिया आहे, हाताला ग्रीसचा वास येतो, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं.  बाबा मागून काहीतरी पुटपुटले. मग आई म्हणाली, मासोळीच्या वासापेक्षा तर बरा असेल, आण घरी.

हळदीच्या दिवशी सकाळी सातला मुरेवाड्याच्या बोरिंगवर ही झुंबड. मोह वेचून आलेल्या बाया, गुंडांचा (आमच्याकडे घागरीला गुंड म्हणतात) खणखणाट, लाइन पार शाळेपर्यंत. हळदीच्या अंघोळीचं पाणी बहिणीनेच आणायचं असतं. आम्ही म्हणालो, दुपारी आण, गर्दी नसते. बुधरीने ऐकलं नाही. सहा वर्षं दुपारीच आणलं, म्हणाली. नवं लुगडं नेसली, गुंड कडेवर घेतला आणि माझा हात धरून निघाली. मी पिवळ्या साडीत, दुसरा गुंड घेऊन तिच्या मागे. लाइनीच्या पुढे लालसू दांड्यावर होता, स्वतःच्या हळदीच्या दिवशीही वाशर तपासत.

बुधरी लाइनीत उभी राहिली. तिच्या पुढच्या दोघी जणी मागे बघून जरा पुढे सरकल्या. मागची एक पाऊल मागे झाली. सवयीनेच सरकल्या. सगळा गलका मात्र थांबला. दांडाही थांबला. मी बुधरीकडे बघितलं. तिने पुढे बघितलं, मागे बघितलं, मग माझ्याकडे बघून ती जोरात, खळखळून हसली. हसता हसता तिने एकदा खाली लुगड्याकडे नजर टाकली, आणि हसतच राहिली.

मग तिने गुंड त्या मोकळ्या जागेच्या मधोमध ठेवला आणि पदर खोचला.

"जागा झाली, वहिनी," ती म्हणाली. "ठेव तुहाबी गुंड."

मी तिच्या गुंडाशेजारी माझा गुंड ठेवला, आणि लालसूने पुन्हा दांडा धरला.